चारांच्या आधी एक

सोलापूरच्या शाळेत शिकलेल्या कोणत्याही माणसाला चार नावे विचारा. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. एका दमात सांगेल. दरवर्षी १२ जानेवारीला चार पुतळ्यांना हार पडतात, शाळांची पोरे रांगेने येतात, देशभक्तीची गाणी होतात. नाट्यगृहाला हुतात्म्यांचे नाव आहे, पुण्याला जाणाऱ्या रेल्वेगाडीलाही आहे. हे गाव आपल्या माणसांना विसरलेले नाही.

आता त्याच माणसाला विचारा, शंकर शिवदारे कोण? पुष्कळ जण थांबतील. काही म्हणतील, नाव ऐकल्यासारखे वाटते.

शंकर शिवदारे हा चारांच्या आधीचा. ८ मे १९३० रोजी पोलिसांच्या गोळीने तो पडला आणि त्यानंतरचे सगळे, म्हणजे जाळपोळ, तीन दिवसांचे ते विलक्षण स्वातंत्र्य, लष्करी कायदा, खटला आणि येरवड्याच्या तुरुंगातली त्या चौघांची फाशी, त्या एका गोळीपासून सुरू झाले. आपण गोष्ट शेवटाकडून सांगतो, म्हणून ती फाशीची गोष्ट होते. ती मुळात एका गोळीबाराची आणि त्याची किंमत चुकवणाऱ्या एका गावाची गोष्ट आहे.

त्या वेळचे सोलापूर सुमारे दीड लाख वस्तीचे. आजच्या मानाने लहानच, पण भोंग्यावर उठणारे आणि भोंग्यावर जेवणारे. मोरारजी गोकुळदासांनी १८७७च्या सुमारास उभी केलेली ‘जुनी गिरणी’, मग नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू, जाम. गिरण्यांच्या आसपास हातमाग. तेलंगणातून आलेले पद्मशाली विणकर घरात तेलुगू बोलत, लिंगायत घरांत कन्नड, मोहल्ल्यांत दखनी, मारवाडी पेढ्यांवर मारवाडी आणि बाजारात सगळे मिळून मराठी. चार भाषा कानावर पडल्याशिवाय एक पेठ ओलांडता येत नसे. आजही येत नाही. या गावात फूट पाडायची तर पाडणाऱ्याच्या हाताशी सामान पुष्कळ होते. १९३०च्या उन्हाळ्यात मात्र ते कुणाच्या कामी आले नाही, हे विसरून चालणार नाही.

६ एप्रिल १९३० रोजी गांधीजींनी दांडीला मीठ उचलले. त्याच दिवशी सोलापूरच्या नगरपालिकेवर राष्ट्रध्वज चढला. ज्येष्ठ कार्यकर्ते अण्णासाहेब भोपटकर यांच्या हस्ते तो फडकवला गेला. आजचा तिरंगा तो नव्हे. वर पांढरा, मध्ये हिरवा, खाली तांबडा पट्टा आणि त्यावर चरखा, असा तो झेंडा. सरकारच्या कायद्याने चालणाऱ्या, सरकारच्या कायद्याने कर गोळा करणाऱ्या संस्थेच्या इमारतीवर तो चढला, याचा अर्थ गोऱ्या अधिकाऱ्यांना बरोबर कळला.

सोलापूरला समुद्र नाही. मिठाचा कायदा मोडायचा तर मीठ करायचे कशाचे? त्यामुळे आत, देशावर, चळवळीने दुसरे कायदे शोधले. कुठे जंगलाचा, कुठे अबकारीचा. शिंदीची झाडे तोडणे हा त्यातलाच प्रकार. झाडाला मडके लागले की ताडी निघते, ताडीवर सरकारला पैसा मिळतो, आणि ती पिऊन गिरणीकामगाराचा पगार घरी पोचत नाही. एका कुऱ्हाडीत तिन्हीवर घाव बसत असे. गांधीजींनी स्वतः त्या एप्रिलमध्ये गुजरातेत लोकांना शिंदीची झाडे तोडायला सांगितले होते. सोलापूरच्या लोकांना ते लगेच पटले, कारण गिरणीच्या पगाराचा दिवस आणि त्या रात्री घराघरात होणारे तंटे त्यांच्या रोजच्या पाहण्यातले.

सरकारची अवस्थाही ध्यानात घ्यायला हवी. १८ एप्रिलला चितगावचे शस्त्रागार लुटले गेले. २३ एप्रिलला पेशावरच्या किस्साखानी बाजारात निःशस्त्र पठाणांवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि गढवाली शिपायांनी गोळी चालवायला नकार दिला. आपलेच शिपाई ऐकत नाहीत, या भीतीने साम्राज्याला घेरले होते. घाबरलेल्या माणसाच्या हातात बंदूक असली की बोट चापावरच असते. ४ मेच्या मध्यरात्रीनंतर कराडीच्या झोपडीतून गांधीजींना उचलले आणि येरवड्याला आणून ठेवले. बातमी सोलापुरात पोचताच गिरण्या थंडावल्या, बाजार बंद झाले, मिरवणुका निघाल्या.

८ मे, गुरुवार. मे महिन्यातले सोलापूर ज्यांनी अंगावर घेतले आहे त्यांना ते ऊन वेगळे सांगायला नको. जमाव रूपाभवानीच्या मंदिराच्या बाजूला शिंदीची झाडे तोडायला गेला. पोलिसांनी काही जणांना पकडले. लोकांनी वाट अडवली आणि पकडलेल्यांना सोडा म्हणून आग्रह धरला. कलेक्टर नाइट आणि पोलीस सुपरिंटेंडेंट प्लेफेअर तिथे होते. लोक ऐकेनात तेव्हा मल्लप्पा धनशेट्टी मध्ये पडले. गर्दीला शांत करण्याचे, मागे सारण्याचे काम त्यांनी केले. हा तपशील मी मुद्दाम इथे नोंदवतो. वाचकांनी तो लक्षात ठेवावा.

एवढ्यात शंकर शिवदारे हा तरुण हातात झेंडा घेऊन पुढे धावला. त्याच्या हातात होता तो झेंडाच. सार्जंट हॉलने गोळी झाडली आणि शंकर पडला.

पुढचे सगळे ज्या क्षणावर लोंबकळत होते तो क्षण एवढाच. झेंडा घेऊन धावणाऱ्या एका मुलाला दोन शिपायांनी धरून बाजूला केले असते तर संध्याकाळी चार जणांना कोठडी, दहा जणांना दंड, आणि दुसऱ्या दिवशी ‘केसरी’त एक बातमी, असा तो दिवस संपला असता. जमाव हटवण्याचे मार्ग त्या काळच्या पोलिसांना चांगले ठाऊक होते. गोळी हा सर्वांत शेवटचा मार्ग. तो आधी वापरला गेला.

शंकर पडल्याची बातमी पेठांतून वणव्यासारखी गेली. माणसे घराबाहेर आली, दगड उचलले गेले, पोलिसांनी पुन्हा गोळ्या झाडल्या. मंगळवार पेठेची पोलीस चौकी जमावाने वेढली आणि तिथे दोन पोलिसांचा जीव गेला. कोर्टाच्या इमारतीला आग लागली. गोळीबारात माणसे पडत राहिली. मिरवणुकीतली होती तशीच रस्त्यावरची होती.

मंगळवार पेठेतले ते दोन पोलीसही याच मातीतले होते, महिन्याच्या पगारासाठी खाकी घातलेले. त्यांच्याही घरी कुणीतरी वाट पाहत बसले असेल. हुतात्म्यांचा गौरव करताना या दोन मृत्यूंवरून घाईने पुढे जायची आपली सवय मला बरोबर वाटत नाही. त्या दिवशी गोळीने जे सुरू झाले ते त्यांच्यापर्यंतही पोचले.

आणि गोळीबारात गेलेल्या बाकीच्या माणसांचे काय? जालियनवाला बागेत सरकारने ३७९ मेले म्हटले, काँग्रेसच्या चौकशीत तोच आकडा हजाराच्या घरात गेला. असल्या प्रसंगी मोजदादी नेहमी दोन होतात, एक कचेरीतली आणि एक पेठेतली. सोलापूरच्या ८ मेला पडलेल्यांपैकी लोकांच्या ओठावर राहिले ते एकट्या शंकरचे नाव, आणि तेही किती जणांच्या, ते वर सांगितलेच आहे.

रात्रीपर्यंत अंमलदारांचा धीर सुटला. पोलीस आणि अधिकारी शहरातून बाजूला झाले. ९, १० आणि ११ मे हे तीन दिवस सोलापुरात ब्रिटिश सरकार नव्हते. हे वाक्य सोलापूरकर छाती काढून सांगतात आणि त्यांनी ते सांगावेच. पण त्या तीन दिवसांतली मोठी गोष्ट सरकार नव्हते ही नाही. लूट झाली नाही, पेठेवर पेठ गेली नाही, ही मोठी गोष्ट आहे. काँग्रेसचे रामकृष्ण जाजू आणि त्यांच्याबरोबरच्या कार्यकर्त्यांनी शहराची व्यवस्था हातात घेतली. स्वयंसेवक रस्त्यावर उभे राहिले. कालच ज्या गावातली माणसे गोळ्यांनी पडली होती, ज्या गावातले कोर्ट जळले होते, ते गाव दुसऱ्या दिवशी पोलिसांशिवाय शांत राहिले. आपण भांडणारे, चार भाषांचे, गिरणीच्या कामावरून रोज कुरकुरणारे लोक आहोत, अशी जी आमची आमच्याबद्दलची समजूत, तिला या तीन दिवसांनी उत्तर दिले.

सरकारला हेच झोंबले. दंगल सरकार समजू शकते, तिच्यासाठी कलमे असतात. सरकारशिवाय नीट चाललेले गाव हा त्याच्या अस्तित्वावरचाच प्रश्न. १२ मे, सोमवारी सोलापुरात लष्करी कायदा पुकारला गेला. त्यावर शिक्कामोर्तब करायला व्हाइसरॉय आयर्विनने खास वटहुकूम काढला. याआधी विसाव्या शतकातल्या हिंदुस्थानात लष्करी कायद्याचा असा अंमल बसला होता तो १९१९ साली पंजाबात आणि १९२१ साली मलबारात. त्या यादीत आता एका गिरणीगावाचे नाव गेले. सोलापूरकर अजूनही या काळाला ‘मार्शल लॉ’ असेच म्हणतात. मराठी शब्द त्यांनी वापरलाच नाही, कारण हुकूम ज्या शब्दात आला त्याच शब्दात तो भोगला.

मार्शल लॉ ३० जूनपर्यंत राहिला, म्हणजे सात आठवडे. संचारबंदी होती, लष्कराचे पहारे होते. नगरपालिकेवरचा झेंडा उतरवला गेला. झेंडा बाळगणे हा गुन्हा झाला. गांधी टोपी घालणे हाही गुन्हा झाला.

ही टोपी डोळ्यांसमोर आणून पाहा. खादीचा एक तुकडा, दोन्ही टोकांना निमुळता. काढून चापून घडी घातली तर सदऱ्याच्या खिशात जाते. घरची बाई हाताने शिवू शकते. धुवायला एक तांब्या पाणी पुरते. तिला धार नाही, वजन नाही, आवाज नाही. या एवढ्याशा कापडासाठी बंदुका घेतलेले सैन्य सोलापूरच्या रस्त्यांवर माणसांची डोकी तपासत फिरत होते. पुढे लोकसभेत गेलेले तुळशीदास जाधव यांची आठवण गावात अजून सांगतात. टोपी काढ म्हणून त्यांच्यावर बंदूक रोखली गेली, त्यांनी छाती पुढे केली आणि टोपी डोक्यावरच ठेवली. ज्या गावाने महिन्यापूर्वी झेंड्यापायी गोळी खाल्लेला मुलगा पाहिला होता त्या गावातला हा प्रसंग आहे. बंदूक सुटते, हे तिथे सगळ्यांना कळले होते. तरी टोपी राहिली.

जाजूंपासून डॉ. अंत्रोळीकरांपर्यंत शहराची पुढारी मंडळी गजाआड गेली. ‘कर्मयोगी’ पत्राचे संपादक रामभाऊ राजवाडे यांनाही तुरुंग पाहावा लागला. लिहिणारा हात आत, बोलणारे तोंड आत, आणि बाहेर राहिलेल्यांनी खाली मान घालून गिरणीत जायचे. गोळीबार एका दिवसाचा असतो. त्याची किंमत किती दिवस भरावी लागते, ते सोलापूरच्या त्या सात आठवड्यांत पाहायला मिळते. बंद बाजारात हातावर पोट असलेल्या विणकराची उपासमार सर्वांत आधी होते, आणि तिची नोंद कुठल्याही खटल्याच्या कागदात सापडत नाही.

मग खटला उभा राहिला. मंगळवार पेठेतल्या दोन पोलिसांच्या मृत्यूबद्दल फाशीची शिक्षा झाली ती चौघांना.

मल्लप्पा रेवणसिद्धप्पा धनशेट्टी, तिशीतले, लिंगायत घरातले. श्रीकिसन लक्ष्मीनारायण सारडा, मारवाडी. जगन्नाथ भगवान शिंदे, मराठा. अब्दुल रसूल कुर्बान हुसेन, विशीतला मुसलमान तरुण, गिरणीकामगारांत वावरणारा, ‘गझनफर’ नावाचे पत्र चालवणारा. चौघे चळवळीतले, लोकांना माहीत असलेले. आधी रूपाभवानीजवळची जी गोष्ट लक्षात ठेवायला सांगितली ती आता आठवा. ज्या धनशेट्टींनी गर्दी आवरायला जीव तोडला तेच गर्दीच्या गुन्ह्यासाठी फासावर जायचे होते. माझे मत स्पष्ट आहे. हा न्याय नव्हता. सरकारला गावाला धडा द्यायचा होता आणि त्यासाठी गावाने ओळखावेत असे चेहरे हवे होते. चेहरे निवडताना गावाचे चारही कोपरे आले. सरकारने ते मुद्दाम केले, असे मी म्हणत नाही. पण सोलापूर कसे बनले आहे ते त्या चार नावांत सरकारनेच लिहून ठेवले.

शिक्षा रद्द व्हावी म्हणून प्रयत्न झाले. त्यांचा उपयोग झाला नाही. लंडनमध्ये पहिली गोलमेज परिषद चालू होती. हिंदुस्थानच्या भवितव्यावर गोड भाषणे होत होती आणि इकडे येरवड्यात तयारी होत होती. १२ जानेवारी १९३१, पुन्हा सोमवार, चौघांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिली. गांधीजी तेव्हा त्याच तुरुंगात होते. ते सुटले २६ जानेवारीला, दोन आठवड्यांनी. मार्चमध्ये गांधी-आयर्विन करार झाला, हजारो सत्याग्रही सुटले. हिंसेचा आरोप असलेल्यांना त्या करारात जागा नव्हती, आणि सोलापूरच्या चौघांसाठी तर तो करार दोन महिने उशिराच आला होता.

सोलापूरकरांना ही तारीख आणखी एका कारणाने टोचते. संक्रांतीच्या तोंडावर ग्रामदैवत सिद्धरामेश्वराची यात्रा भरते. गड्ड्याची यात्रा. नंदीध्वज निघतात, अक्षतांचा सोहळा होतो, पांढरी बाराबंदी घातलेली माणसे तलावाकाठी लोटतात, माहेरवाशिणी गावी येतात. वर्षात एकदा सगळे घर भरते ते याच आठवड्यात. त्याच आठवड्यात चार घरांची माणसे गेली, आणि त्यांचे देह सोलापूरला आले नाहीत. येरवड्यातच त्यांचा शेवट झाला. ज्या घराला आपल्या माणसाचे तोंड शेवटचे पाहता आले नाही त्या घरी पुढच्या वर्षी यात्रा आली असेल, त्याच्या पुढच्या वर्षीही आली असेल. त्या घरांतल्या संक्रांतीच्या तिळगुळाबद्दल कुणी काही लिहिलेले नाही. लिहायची गरजही नाही.

झेंडा घेतलेल्या पोरांवर गोळी चालवण्याचा प्रकार सोलापुरात संपला नाही. बारा वर्षांनी, ९ सप्टेंबर १९४२ रोजी, खानदेशात नंदुरबारला शाळकरी मुलांची मिरवणूक निघाली. शिरीषकुमार मेहता पुढे होता. सोळावे वर्ष पुरे व्हायचे होते. पोलिसांच्या गोळ्यांनी तो आणि त्याच्याबरोबरचे चौघे गेले. लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर, घनश्याम शहा. ज्या गावात एकमेकांची पोरे सगळ्यांना नावाने माहीत, तिथे एका दुपारी पाच दप्तरे घरी तशीच राहिली. नंदुरबारने ती पाचही नावे जपली, कारण तिथे गोष्ट गोळीबारापाशीच सुरू होते आणि गोळीबारापाशीच थांबते. सोलापुरात गोळीबाराच्या पुढे फाशी उभी राहिली आणि तिच्या सावलीत पहिला मुलगा झाकला गेला.

हे विस्मरण कुणी ठरवून केले असे मला वाटत नाही. कारण अगदी साधे आहे. १२ जानेवारीला शाळा चालू असतात. मुलांना पुतळ्यांपाशी नेता येते, फळ्यावर चार नावे लिहिता येतात, निबंध सांगता येतो. ८ मेला उन्हाळ्याची सुट्टी असते. शाळेला कुलूप, पोरे आजोळी, गुरुजी गावाला. शंकर शिवदारे ज्या दिवशी गेला त्या दिवशी त्याचे नाव घ्यायला वर्गात कुणी नसते. लहान मुलांच्या स्मरणातून जे गळते ते वीस वर्षांनी गावाच्या स्मरणातून गळते.

आता पुण्याहून संध्याकाळी हुतात्मा एक्सप्रेस सुटते आणि रात्री सोलापूरला पोचते. येरवडा ज्या शहरात आहे तिथून त्या चौघांच्या नावाची गाडी रोज घरी येते, याचे मला बरे वाटते. गाडीचे नाव एक आहे, पण त्यात चार जण मोजले जातात. पाच मोजायला हवेत.

सोलापूरच्या शिक्षकांना माझी एकच विनंती आहे. येत्या १२ जानेवारीला मुलांकडून नावे म्हणवून घ्याल तेव्हा ती ज्या क्रमाने माणसे गेली त्या क्रमाने म्हणवून घ्या. पहिले नाव शंकर शिवदारे.